लाइट बिल

परत येऊन पाचवा महिना.
बेळगावच्या स्टँडवर अजून मी कंडक्टरांच्या तोंडाकडे बघत उभी.
कन्नड तिसरी भाषा होती मला, दहावीला शंभरात एकाहत्तर.
बारा वर्षं बाहेर राहिले, तेवढ्यात पाट्या मला विसरल्या.
विचारायला पुढे झाले
तर मागून बोरुत, काखेत रताळ्यांची पिशवी,
ओठ हलवत एकेक अक्षर चाचपत:
"ह… ळि… याळ. आपली नाही."
आपली, म्हणाला.

त्याला शिकवते शेजारच्या हिरेमठांची स्फूर्ती, इयत्ता सहावी.
संध्याकाळी पायरीवर पाटी, मधे शेंगांची वाटी,
चुकला की एक शेंग तिची.
पहिल्या आठवड्यात बोरुत उपाशी उठायचा.
मग एकदा रात्री मला म्हणाला,
"तुमचीच बाराखडी आहे गं.
फक्त वाळत घालायची तार काढून घेतलीय
आणि कपडे गुंडाळून ठेवलेत."
मी हसले. नंतर बराच वेळ झोप आली नाही.

परदेशी माणसाची नोंद करायला गेलो तेव्हा
साहेबांनी मला कन्नडमध्ये विचारलं, मी हिंदीत उत्तर दिलं.
बोरुत म्हणाला, "नमस्कारा सर, ऊट आयता?"
सकाळचे साडेदहा वाजले होते.
त्याला खुर्ची मिळाली.
मी, खानापूरची, जन्मदाखला हातात घेऊन
खुर्चीमागे उभी.

अप्पांना हे सांगितलं नाही.
अप्पांच्या पाठीवर एका लाठीचा वळ आहे,
एक नोव्हेंबरची काळी फीत कपाटात, आईच्या मंगळसूत्राच्या डबीत.
घरात येणाऱ्या कागदावर ते आकडा तेवढा बघतात,
बाकीची अक्षरं म्हणजे माशी बसून गेलेली.
जावई परदेशी, याचं त्यांना काही वाटलं नाही.
"कन्नड तर न्हवं न्हवं?" एवढंच फोनवर विचारलं होतं.

आल्या आल्या त्यांनी बोरुतला सीमाप्रश्न सांगितला,
सगळा, तारखांसकट, मी भाषांतर करून थकले.
बोरुतनं ऐकून घेतलं.
मग म्हणाला, आमच्याकडे स्टेशन एका देशात,
समोरचं दुकान दुसऱ्यात.
आजोबा शाळेत गेले योझे म्हणून,
मास्तरांनी हजेरीत जुझेप्पे लिहिलं.
घरी हाक मारली की ते यायचे,
शाळेत मारली की शेजारच्या पोराकडे बघायचे.
अप्पा पुढे सरकले. "मग? निकाल काय लागला?"
"आता पाव आणायला तिकडे जातो आम्ही.
तिकडचा बरा असतो."
"पाव?"
अप्पांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा डोळ्यांवर ठेवायला विसरले.

काल लाइटचं बिल आलं, नेहमीपेक्षा जास्त.
आकड्याखाली तीन ओळी नव्या.
अप्पा ते घेऊन घरभर फिरले.
माझ्यापुढं धरलं नाही, मला येत नाही हे त्यांना ठाऊक.
स्फूर्तीला हाक मारायची तर भिंतीपलीकडून सगळी गल्ली ऐकणार.
शेवटी बोरुतच्या बशीखाली ठेवलं, उडू नये म्हणून ठेवल्यासारखं,
आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले,
"काय लिवूलाल्यात बघ की गा."

बोरुतनं कप उचलला.
बोट ठेवलं. ओठ हलू लागले.
पहिली ओळ गेली, दुसरीत अडकला,
माझ्याकडे वळला:
"बा… की. बाकी. ह्याला मराठीत काय म्हणतात?"

आई सुपात तांदूळ निवडत होती, ती थांबली.
अप्पांची पाठ आमच्याकडे, सदरा घामानं चिकटलेला.
"बाकी," मी म्हटलं.
"हो, पण मराठीत?"
"बाकीच."

बोरुतनं पुन्हा कागद बघितला, मग मला,
कुणीतरी त्याची गंमत करत असावं तसं.
अप्पा बराच वेळ वळले नाहीत.
मग आतल्या खिशात हात घातला.
"किती म्हणाला?"
"दोनशे चौदा. मागल्या महिन्याचा."
"मागल्या महिन्याचे," आई सुपातून म्हणाली.
"मागल्या महिन्याचे."
अप्पांनी नोटा मोजल्या, त्याच्या हातात दिल्या.
"उद्या भर. परवा रविवार आहे,
त्यांचं ऑफिस बंद असतं."